पक्षी पळवणारा चहा

...आणि वर म्हणे पक्षी! पक्षी पळवायचं औषध! माझ्या चहात! अहो, तुम्हीच सांगा, चहाच्या मळ्यात कुठला पक्षी येतो पानं खायला? आमच्या डोंगरावरचे पक्षी एवढे रसिक असते ना, तर स्पर्धेच्या परीक्षकांना घरी बसवून त्यांनाच खुर्च्या दिल्या असत्या, निदान चव तरी खरी सांगितली असती त्यांनी! पण नाही. रिपोर्टावर छापलंय, खाली शिक्का आहे, आणि आमच्या शेतकरी संघाचा सचिव वेई, ज्याला टाचणी कागदाच्या कुठल्या कोपऱ्याला टोचायची हे मी शिकवलं, तो मान तिरपी करून मला सांगतो, "सूदादा, वाईट वाटून घेऊ नका. यंत्र खोटं बोलत नाही."

यंत्र खोटं बोलत नाही म्हणे! शी! हे वाक्य मी या हिवाळ्यात इतक्या तोंडांतून ऐकलंय, की आता कुणी नुसतं 'यं' म्हटलं तरी माझ्या तोंडाला कडू पाणी सुटतं.

बसा, बसा तुम्ही. चहा घ्या. दचकू नका, माझा नाही, दुकानातला आहे. माझा प्यालात तर उडून जाल फडफडत!

तर तुम्हाला सांगतो, मी सू वान-फू, जन्मभर त्या संघात कारकुनी केली. कारकुनी म्हणजे काय, तर दुसऱ्यांची कामं नीट झाली याची नोंद करायची आणि स्वतःचं काम झालं याची नोंद कुणीच करत नाही हे बघत बसायचं. आणि दर हिवाळ्यात आमच्याकडे चहाची स्पर्धा. अख्खा डोंगर वेडा होतो तेव्हा. भाऊ भावाशी बोलत नाही, शेजारी शेजाऱ्याच्या भट्टीचा वास घेत हिंडतो, परीक्षक रांगेनं मांडलेल्या वाट्यांतून फुर्र करून घोट ओढतात आणि पिंपात थुंकतात, म्हणजे आमच्या वर्षभराच्या मेहनतीवर थुंकतात असं आपण म्हणायचं नाही, ती पद्धत आहे! मग पहिल्या प्रतीला तीन फुलं, दुसरीला दोन, आणि जिंकलेल्यांची नावं लाल कागदावर, काळ्या शाईत, संघाच्या बाहेरच्या फळ्यावर. ती नावं लिहायची कुणी? मी! ब्रश शाईत बुडवायचा, श्वास रोखायचा आणि दुसऱ्याचं नाव काढायचं. ज्याला स्वतःची सही धड येत नाही, त्याचं नाव मी असं काढलंय की त्याची बायको त्याच्याकडे नव्यानं बघायला लागली. आमच्या डोंगरावरची निम्मी लग्नं माझ्या अक्षरावर टिकलीत, पण ते जाऊ दे.

मला एकच हौस होती हो. एकदा, फक्त एकदा, त्या लाल कागदावर माझं नाव यावं. आणि ते दुसऱ्या कुणीतरी लिहावं! मी लांब उभा राहावं, हात मागं बांधून, जसा काही माझा संबंधच नाही... आणि लोकांनी वाचावं. बास. जास्त मागितलं का? सांगा ना, जास्त मागितलं का?

म्हणून निवृत्त झालो आणि बायकोच्या माहेरकडून आलेला उतारावरचा तुकडा कसायला घेतला. बायको चिन-ये म्हणाली, "अहो, तुम्हाला कुंडीतला कांदा जगवता येत नाही." पण मी पुस्तकं आणली, वाचली, आणि ठरवलं, फवारणी करायची नाही. औषधाचा टिपूस नाही! तण हातानं उपटलं. किडे आले, खाऊ दिले. शेजारचा ते-लाय, ज्याच्या घरात तीन फुलांच्या इतक्या पाट्या आहेत की एक त्यानं कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून लावलीये, तो बांधावर उभा राहून दात कोरत म्हणायचा, "वान-फू, किड्यांना नुसतं जेवण काय घालतोस? चहा पाज त्यांना वरून!" मी गिळलं. सगळं गिळलं. आणि या हिवाळ्यात, तुम्हाला सांगतो, चहा असा उतरला, असा उतरला, की वास घेऊन मी स्वतःच खुर्चीवर बसलो. गोडसर, लोण्यासारखा, घोट गेल्यावर घशात मागं काहीतरी रेंगाळत राहायचं... वेईनं मला संघाच्या मागच्या बोळात ओढलं आणि कानात सांगितलं, "सूदादा, परीक्षकांनी तुमची वाटी पुढं सरकवलीये. तीन फुलं! आता फक्त प्रयोगशाळेची तपासणी यायचीये, ती आपली नेहमीची." मी घरी गेलो तो जमिनीला पाय न लावता. चिन-येला सांगितलं. ती नुसती गालातल्या गालात हसली, जणू तिला आधीच ठाऊक होतं. हे हसू लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही, तिथंच चुकलो.

आणि मग आली तपासणी. अँथ्रा... अँथ्राक्विनोन! बघा, आता पाठ झालं, शत्रूचं नाव पाठ होतंच. बियाणं पक्ष्यांनी टिपू नये म्हणून चोपडायचं औषध. मर्यादेच्या वर. चहा बाद! ज्यानं उभ्या आयुष्यात मुंगीला औषध घातलं नाही, त्याचा चहा औषधापायी बाद, आणि ते-लाय, ज्याच्या मळ्यावरून गेलं तरी नाक झोंबतं, तो पास! का? तर म्हणे कुठलं औषध खुडणीच्या किती दिवस आधी मारायचं हे त्याला बरोबर कळतं. म्हणजे पाप करायचंच, पण वेळेत आवरायचं!

गावात काय बोलणी झाली ती मी सांगत नाही. सांगतो! न्हाव्याकडे गेलो तर तो कात्री थांबवून म्हणतो, "सूकाका, संघात एवढी वर्षं काढली तुम्ही, निदान कुठलं औषध सापडत नाही ते तरी विचारायचं!" मी अर्ध्या डोक्यानं उठून आलो. तसाच ते-लायच्या दारात. म्हटलं, "तुझ्याकडून उडून आलंय!" तो मुळा सोलत होता, वरसुद्धा बघितलं नाही त्यानं. म्हणाला, "मी पक्षी कशाला पळवू? मी तर तू पळायची वाट बघतोय!" आणि वर, "वान-फू, यंत्र खोटं बोलत नाही रे."

झालं! मी म्हटलं, मला बघू द्या ते यंत्र. जे कधी खोटं बोलत नाही असं म्हणतात, त्याला एकदा समोरासमोर बघायचंच. नियमात फेरतपासणी आहे, तो नियम माझ्याच अक्षरात आहे! घरातला तयार चहा घेतला, मळ्यातली ताजी पानं खुडून घेतली आणि बसनं ताइचुंग शहरात, रिपोर्ट देणाऱ्या त्या प्रयोगशाळेत हजर.

दारातच तिथल्या फांगबाईंनी मला हुंगलं. हो, हुंगलं! डॉक्टर आहेत, रसायनातल्या, चष्मा, पांढरा कोट, मुलीच्या वयाच्या. "काका, अंगाला काय लावलंय?" म्हटलं, गुडघ्याला बाम. "धुऊन या. यंत्राला दिसतं." म्हटलं, गुडघा दुखतो तो दिसत नाही वाटतं त्याला! पण धुतला. अहो तिथं अत्तर चालत नाही, हाताला मलम चालत नाही, उदबत्तीच्या घरातून आलेला सदरा चालत नाही. मी म्हटलं, एवढं सोवळं तर आमच्या देवळातसुद्धा नाही.

आणि यंत्र कसं? मला वाटलं होतं काहीतरी भव्य असेल, चाकं असतील, धुराडं असेल. शी! कपडे धुवायच्या मशीनएवढं एक खोकं, शेजारी एक भट्टी आणि खाली एक पंप, जो दमेकऱ्यासारखा सारखा घुर्रघुर्र करतोय. नाव मात्र मास स्पेक्ट्रोमीटर! फांगबाई सांगायला लागल्या, अगदी बालवाडीच्या बाईंच्या आवाजात, "सोपं आहे काका. चहाचा अर्क काढायचा, त्याचा टिपूस इथं सोडायचा, त्याची वाफ होते. ती वाफ या केसासारख्या लांबलचक नळीतून धावते. कुणी लवकर पोचतो, कुणी रेंगाळतो, असे सगळे सुटे होतात. मग आत शिरल्याबरोबर एकेका रेणूला विजेच्या कणांचा मार बसतो. तो फुटतो. तुकड्यांचं वजन करायचं. प्रत्येक रेणूची फुटायची तऱ्हा ठरलेली, त्यावरून तो कोण हे कळतं."

मी म्हटलं, बाई, हे यंत्र नाही, ही पोलीस चौकी आहे! आधी पळवायचं, मग एकट्याला गाठून बडवायचं, हाडं मोजायची आणि म्हणायचं, यानं नाव कबूल केलं! बरं, आत हवासुद्धा ठेवत नाहीत, पंप लावून सगळी उपसून काढतात. का? तर "वाटेत कुणाशी टक्कर व्हायला नको." टक्कर कसली, साक्षीदार नको असेल! आणि अशी मार खाऊन दिलेली कबुली, ती म्हणे खोटी नसते!

फांगबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "याच यंत्रावर आम्ही नदीचं पाणी तपासतो, दुधातली भेसळ काढतो, शर्यतीच्या घोड्याला काय पाजलं ते सांगतो, मेलेल्या माणसाच्या पोटात काय होतं तेही सांगतो." घ्या! घोडा, मढं आणि त्यांच्या मागं रांगेत मी, चहाची पिशवी धरून. म्हटलं, चूक होत नाही का कधी? तर चष्मा वर सरकवून, शब्द न् शब्द सुटा करून त्या म्हणाल्या, "काका, आम्ही पुराव्यावर चालतो. श्रद्धेवर नाही."

आणि त्या क्षणाला, तुम्हाला सांगतो, अगदी त्या क्षणाला पंपानं उचकी दिली, तांबडा दिवा लागला आणि यंत्र बंद!

फांगबाईंनी कळ दाबली. पुन्हा दाबली. मागं जाऊन एक वायर हलवली. मग काय केलं असेल? डॉक्टरबाईंनी? पुराव्यावर चालणाऱ्या? त्यांनी यंत्राच्या डोक्यावरचं हिरवं पाकीट उचललं! मक्याच्या कुरकुऱ्यांचं, यंत्र बिघडू नये म्हणून आमच्याकडे त्याच्या डोक्यावर ठेवतात ते, ज्याच्या नावाचा अर्थच मुळी 'शहाण्यासारखं वाग' असा आहे, तेच! पालथं करून तारीख वाचली आणि बाई पांढऱ्याफटक! "अरे देवा, हे तर शिळं झालंय! काका, मला यंत्र सोडून हलता येत नाही. कोपऱ्यावर दुकान आहे, तेवढं... हिरवंच हं! पिवळं नका आणू! आणि तारीख बघून!"

आता हे मला सांगायला हवं का? संघाच्या झेरॉक्सच्या यंत्रावर मी जन्मभर हिरवंच पाकीट ठेवलं, पिवळ्यानं यंत्र रुसतं हे शेंबड्या पोराला कळतं. पण मी झेरॉक्स काढताना कधी कुणाला म्हटलं नाही, की मी पुराव्यावर चालतो! गेलो. गुडघा ठणकतोय, बाम धुतलेला, जिन्यानं उतरलो, पाकीट आणलं. बाईंनी दोन्ही हातांनी घेतलं, यंत्रावर ठेवलं, नाव समोर येईल असं सरळ केलं, एक पाऊल मागं जाऊन बघितलं... मी आपला निरांजन शोधत होतो. कळ दाबली. घुर्र! झालं सुरू! मी परत आलो तेव्हा त्या ती वायर गच्च आवळत होत्या, ते मी या डोळ्यांनी पाहिलं. पण श्रेय कुणाला? पाकिटाला! आणि आणलं कुणी? मी! म्हणजे ज्या सुरीनं माझा गळा कापायचा तिला धार लावायला मीच जिने उतरलो, चढलो.

पडद्यावर आधी आली ताज्या पानांची रेघ. सपाट! तळ्यासारखी! मी टाळी वाजवली. मग तयार चहाची. आणि त्या रेघेत मध्येच एक सुळका उभा, असा उभा, जसा काही माझ्याकडे बोट दाखवतोय. फांगबाई खुर्ची फिरवून माझ्याकडे वळल्या. "काका, मळा स्वच्छ आहे. तुम्ही काही फवारलेलं नाही. हे पानं खुडल्यानंतर घरात आलंय. कोळशावर भाजता?" म्हटलं, विजेच्या भट्टीत. "मग पानं सुकत घातली होती तेव्हा शेजारी काही जाळलं का? कागद? लाकूड? कागदाच्या धुरातूनही हाच पदार्थ येतो, आणि सुकतं पान आजूबाजूचं सगळं ओढून घेतं."

मी उभा राहिलो. म्हटलं, म्हणजे मी निर्दोष!

"अगदी निर्दोष, काका."

मग लावा की नाव!

"तुम्ही निर्दोष आहात. चहा नाही." आणि मग ते वाक्य आलंच. यंत्र खोटं बोलत नाही. म्हटलं, यंत्रानं औषध सांगितलं, निघाला धूर, आणि तरी ते खरंच बोललं! "काका, यंत्रानं फक्त काय आहे ते सांगितलं. कुठून आलं ते माणसांनी शोधायचं." अस्सं! म्हणजे मारायचं यंत्रानं आणि वणवण आम्ही!

बसमध्ये मी अख्ख्या गावाची धुराडी आठवत आलो. घरी पोचलो तर चिन-ये आळूचे कंद सोलत बसलेली. म्हटलं, आपण पानं सुकत घातली त्या दुपारी अंगणाजवळ कुणी काही जाळत होतं?

"कुणी म्हणजे? मीच की!" अगदी सहज! "आपल्या जमिनीच्या देवाला, भूमीबाबाला, नवसाचा सोनेरी कागद नको जाळायला? बांधावरचं देऊळ धुक्यानं भिजलेलं, तिथली भट्टी पेटेना. मग ते लोखंडी पिंप आणलं अंगणात, पानांच्या ताडपत्रीपाशी. तिथं बरा वारा होता."

म्हटलं, ताडपत्रीपाशी. वारा कुणीकडून?

"मागून. म्हणून तर छान पेटलं."

किती जाळलास?

"दर वर्षी गठ्ठा जाळते. या वर्षी पोतं." आणि मग कंद खाली ठेवून, हात एप्रनला पुसत, "अहो, तुमच्यासाठीच ना! किती वर्षं बघतेय मी, लोकांची नावं लिहून काळी बोटं घेऊन घरी येता. म्हटलं, भूमीबाबा, माझ्या नवऱ्याचं नाव एकदा लागू दे त्या फळ्यावर. मोठ्या अक्षरात. येणाऱ्याजाणाऱ्यानं थांबून वाचावं असं."

रागवायचं कुणावर? पोतंभर कागद, पोतंभर माया, आणि सगळी धूर होऊन माझ्या पानांत मुरलेली! आणि ते खोकं तिकडं ताइचुंगला बसून तिचे तुकडे करून वजन करतंय! मी तिथंच पायरीवर बसलो. तिला वाटलं गुडघा दुखतोय. बाम घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी फांगबाईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "काका, राग मानू नका, पण असल्या समजुती चहापासून लांब ठेवाव्यात." म्हटलं, आणि ते हिरवं पाकीट, बाई? पलीकडं पंपाची घुर्रघुर्र चालूच होती. मग म्हणाल्या, "काका, ते आम्ही जाळत नाही ना!"

मी फोन ठेवला.

वाटलं, संपलं एकदाचं. पण वेई आला घरी, पेरूची पिशवी घेऊन. पेरू आणले म्हणजे काहीतरी मागणार, हे मी तो कारकून असल्यापासून ओळखतो. "सूदादा, संचालकांनी ठरवलंय, पुढच्या हंगामाआधी सगळ्यांना ताकीद द्यायची, सुकत्या पानांजवळ कागद जाळू नका. नुसतं सांगून लोक ऐकत नाहीत. उदाहरण लागतं. नावासकट." म्हटलं, घाला माझं नाव, आता काय राहिलंय. तो पेरूंकडे बघत राहिला. "तसं नाही... छापलेलं कुणी वाचत नाही हो. लोकांना सवय तुमच्या हातची. तुमच्यासारखं अक्षर डोंगरावर कुणाचं आहे?"

शी! शी! शी! म्हणजे मीच लिहायचं!

लिहिलं. काय करता? ब्रश शाईत बुडवला, श्वास रोखला, आणि पांढऱ्या कागदावर काढलं: सू वान-फू. खाली, यांच्याप्रमाणे करू नये. आणि खरं सांगू? नावाची अक्षरं अशी उतरली, अशी उतरली, उभ्या आयुष्यात कुणाचं नाव मला इतकं साधलं नव्हतं. फळ्यावर लागलं. मी लांब उभा राहिलो, हात मागं बांधून. लोक थांबत होते, वाचत होते. ते-लाय आला, त्यानं मोठ्यानं वाचलं, दोनदा, आणि जाताना म्हणाला, "अक्षर मात्र तीन फुलांचं आहे रे."

संध्याकाळी चिन-ये बघून आली. डोळे भरलेले. मला वाटलं, आता हिला समजवावं लागणार. तर ती म्हणते, "ऐकलंन् हो भूमीबाबानं! मोठ्या अक्षरात, थांबून वाचतायत लोक! लाल कागदावर म्हणायचं तेवढं राहिलं माझं, चूक माझीच." आणि कपाटावरून सोनेरी कागदांचा गठ्ठा काढला. नवस फेडायला निघाली!

मी म्हटलं, जा. पण आधी वारा बघ.